क्रशरची डस्ट शेतात टाकली तर डीएपी वाचेल का?

संगमनेर : डीएपीची ५० किलोची गोणी १३५० रुपयांना, तीही ऐन पेरणीत मिळाली तर. इकडे खडी क्रशरवर डस्टचे डोंगर पडलेले. त्यात मोबाईलवर व्हिडिओ फिरतात, ‘दगडाची भुकटी टाका, रासायनिक खत बंद करा’. त्यामुळे पारावर आणि दूध डेअरीवर हाच प्रश्न निघतो की हे खरं आहे का.

खरं आहे, पण सगळ्या जमिनींसाठी नाही. आपल्या काळ्या, चुनखडीच्या रानात तर फारच थोडं.

आधी हे चालतं कसं ते बघू. पिकाच्या मुळ्या आणि मातीतले जीवजंतू श्वास घेतात, त्यातून कार्बन डायऑक्साइड निघतो. तो पाण्यात मिसळला की सौम्य आम्ल तयार होतं, आपल्या सोड्याच्या बाटलीत असतं तसं. हे आम्ल दगडाची बारीक भुकटी हळूहळू खातं आणि कॅल्शियम, मॅग्नेशियम, थोडा पोटॅश, सिलिका मोकळं करतं. या कामात हवेतला कार्बनही अडकतो. म्हणूनच जगभरातल्या कंपन्या यात उतरल्या आहेत.

आपल्या देशात ‘माती’ नावाची संस्था छत्तीसगड आणि मध्य प्रदेशातल्या छोट्या शेतकऱ्यांच्या रानात, मुख्यतः भाताच्या, काळ्या दगडाची भुकटी टाकते. कार्बन कमी करण्याच्या एका जागतिक स्पर्धेत तिला एप्रिल २०२५ मध्ये ५ कोटी डॉलरचं पहिलं बक्षीस मिळालं. बक्षिसाचा पैसा इलॉन मस्क यांच्या फाउंडेशनचा. बंगालमध्ये दार्जिलिंगच्या चहाच्या मळ्यांतही असंच काम चालू आहे. अमेरिकेत इलिनॉय राज्यात मका-सोयाबीनच्या शेतात ४ वर्षं, दरवर्षी हेक्टरी ५० टन भुकटी टाकली. उत्पादन १२ ते १६ टक्के वाढलं, असा निष्कर्ष २०२४ मध्ये छापून आला. ब्राझीलने तर २०१३ साली कायदा करून दगडाच्या भुकटीला शेतीच्या निविष्ठांमध्ये जागा दिली.

मग आपलं घोडं कुठं अडतं?

जिथं हे जमतं, तिथली जमीन बहुतेक आंबट आहे. म्हणजे सामू ७ च्या खाली. दार्जिलिंगचा चहा तर आंबट जमिनीतच येतो, ब्राझीलची लाल माती तशीच. तिथं दगडाची भुकटी दोन कामं करते. आंबटपणा मारते आणि धुऊन गेलेलं कॅल्शियम-मॅग्नेशियम परत देते. आपल्या प्रवरा काठच्या काळ्या रानाचा सामू बहुतेक ठिकाणी ७.५ च्या वर, काही ठिकाणी ८.५ पर्यंत. चुनखडी आधीच भरपूर. मुळाशी तयार झालेलं आम्ल पहिल्यांदा ही चुनखडीच खाऊन टाकतं, दगडाच्या वाट्याला काही उरत नाही. आणि आपली काळी माती आली कुठून? सुमारे ६.५ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा जो काळा दगड झाला, तोच झिजून ती बनली. क्रशरवर फुटतो तोही हाच दगड. म्हणजे उसाच्या रसात साखर घालण्यासारखं झालं.

आता हिशोब करू. आपल्या काळ्या दगडात पोटॅश साधारण अर्ध्या टक्क्याच्या आसपास. एका टनात ५ किलो धरा. पोटॅशच्या ५० किलोच्या एका गोणीत ३० किलो असतो. म्हणजे एका गोणीची बरोबरी करायला ६ टन दगड. स्फुरद त्याहून कमी, टनाला अडीच किलोच्या आसपास. डीएपीच्या एका गोणीत स्फुरद २३ किलो, म्हणजे ९ टन दगड झाला. तोही दगडात कुलूपबंद, निघायला वर्षानुवर्षं. नत्र तर दगडात जवळजवळ नाहीच. युरिया बंद करून भुकटी टाकली की कांदा पिवळा पडणार, हे सांगायला शास्त्रज्ञ लागत नाही. ब्राझीलच्या नियमात अशा भुकटीत किमान १ टक्का पोटॅश लागतो. आपला बहुतेक दगड तिथंच नापास होईल.

बारीकपणाचाही प्रश्न आहे. शेतीसाठी भुकटी पिठासारखी लागते. क्रशरच्या डस्टमध्ये पीठ थोडं, कच जास्त. आणि इलिनॉयच्या मापाने एकरी २० टन, म्हणजे ब्रासला साडेचार टन धरले तर एकरी साडेचार ब्रास. डस्ट फुकट मिळाली तरी भाडं, डिझेल आणि पसरायची मजुरी फुकट नाही.

हैदराबादचे शेतकरी चिंतला वेंकट रेड्डी यांना २०२० मध्ये पद्मश्री मिळाली. त्यांची खालच्या थरातली माती वापरायची पद्धत आपल्याकडच्या द्राक्षवाल्यांना माहीत आहे. पण ती माती आहे, निसर्गाने आधीच झिजवलेली. डस्ट आणि ती एक नव्हे.

मग उपयोग कुठं? शेजारीच. अकोले तालुक्याच्या पश्चिमेला, भंडारदरा-घाटघरकडे, पाऊस धो धो. तिथली लालसर जमीन धुपलेली, आंबटपणाकडे झुकलेली, पीक भाताचं, आणि भाताला सिलिका लागते. त्या पट्ट्यात आणि कोकणात प्रयोग करण्यासारखा आहे. माझ्या मते कृषी विद्यापीठाने खरं तर तिथं प्लॉट घालायला हवेत.

आपल्या पठार भागातल्या मुरमाड, हलक्या रानाला डस्टपेक्षा तलावाचा गाळ कितीतरी बरा. गाळ म्हणजे झिजलेला दगडच, वर त्यात सेंद्रिय अंश. ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही योजना २०१७ पासून त्यासाठीच आहे. स्फुरदासाठी दगडच वापरायचा असेल तर रॉक फॉस्फेट शेणखतात कुजवून तयार केलेलं ‘प्रोम’ खत घ्या. कच्चं रॉक फॉस्फेट आपल्या चुनखडीत विरघळत नाही, पैसे मातीत जातात.

कुणाला तरी करूनच बघायचं असेल तर आधी माती तपासा. राहुरी विद्यापीठात किंवा बाभळेश्वरच्या कृषी विज्ञान केंद्रात चौकशी करा. घरच्या घरी अंदाज हवा असेल तर मातीच्या ढेकळावर व्हिनेगर टाका. फसफसलं तर चुनखडी आहे, डस्टचा विचार सोडा. नाही फसफसलं आणि सामूही ७ च्या खाली आला तर १ गुंठ्यात ५ क्विंटल टाका, शेजारचा गुंठा तसाच ठेवा, खतं दोन्हीकडे सारखीच द्या, आणि काढणीला दोन्हीचं वजन वेगळं करा. पसरताना तोंडाला फडकं बांधा, वाऱ्याच्या दिवशी काम करू नका, ही धूळ छातीत बसते.

आणि दोन गोष्टी कागदाच्या. डस्ट हे गौण खनिज आहे. वाहतुकीचा पास नसेल तर महसूलवाले ट्रॅक्टर अडवू शकतात, शेतात टाकायला चाललोय हे तिथं चालत नाही. दुसरं, कुणी पोत्यात भरून ‘दगडी खत’ म्हणून विकायला आला तर खत नियंत्रण आदेश, १९८५ प्रमाणे त्याच्याकडे विक्रीचा परवाना आणि पोत्यावर घटकांचं प्रमाण छापलेलं आहे का ते बघा. कार्बन क्रेडिटवाल्या कंपन्यांची कमाई क्रेडिट विकून होते, भुकटी त्या शेतकऱ्याला फुकट देतात. तुमच्याकडेच पैसे मागत असेल तर पक्की पावती घेतल्याशिवाय एक रुपया देऊ नका.