कृश देहाची स्तनपुनर्रचना

कर्करोगापायी स्तन गमावलेल्या टिटवाळ्याच्या एखाद्या सडपातळ स्त्रीस, कसारा मार्गाच्या लोकलने परळचे टाटा रुग्णालय वा ठाणे-कल्याणकडील एखादे इस्पितळ गाठल्यावर, पोटावर पुरेसा मेद नसल्याने स्वतःच्या ऊतींतून स्तन घडणार नाही असे कोणी सांगितले, तर तो अखेरचा हुकूम समजू नये. उदराचा स्नायू शाबूत राखून त्वचा व मेद रक्तवाहिनीसह उचलण्याची, १९९२ च्या सुमारास स्तनासाठी सुरू झालेली पद्धती अशा देहास कधी अपुरी पडते, हे खरे. परंतु मांडीचा आतील वा मागील भाग, नितंब, कंबर, आणि इटलीच्या तान्सिनीने १९०६ साली वर्णिलेला पाठीचा रुंद स्नायू, हे पर्याय उरतातच. शिवाय कृश स्त्रीचा स्तन बहुधा लहान असल्याने गरजही माफक असते. खरी वाण आहे ती, सूक्ष्मदर्शकाखाली दोन-तीन मिलिमीटरच्या वाहिन्या नित्य जोडणाऱ्या प्लास्टिक सर्जनची. म्हणून भीड न बाळगता विचारावे: मांडीवरून अशा किती शस्त्रक्रिया केल्या, त्यांपैकी किती ऊती मृत झाल्या, आणि पहिल्या दोन-तीन दिवसांत अपरात्री वाहिनीत रक्त गोठले, तर पुन्हा शस्त्रक्रिया करण्यास कोण हजर असेल?