जुने घर विकण्यापूर्वी शौचालयाच्या टाकीची पुनर्बांधणी

गावठाणातील जुने घर विकावयाचे ठरले म्हणजे घरमालक प्रथम कौले चाळून घेतो, भिंतींना गिलावा करतो आणि दारेखिडक्यांस रंग देतो. परसातील शौचालयात नवे भांडे व चकचकीत फरशा बसविल्या की दुरुस्ती संपली असे मानले जाते. जमिनीखालील सेप्टिक टाकी कोणास दिसत नाही, म्हणून तिच्यावर कोणी खर्च करीत नाही. घर घेणाऱ्यास मात्र पहिल्याच पावसाळ्यात तिचा परिचय होतो.

ही केवळ गैरसोयीची बाब नव्हे. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ याच्या कलम ५५ अन्वये, उलट करार नसल्यास, विक्रेत्यास ठाऊक असलेला परंतु खरेदीदारास साधारण काळजी घेऊनही आढळणार नाही असा मालमत्तेतील महत्त्वाचा दोष विक्रेत्याने उघड करणे बंधनकारक आहे. मातीखाली पाझरणारी टाकी हा अशाच प्रकारचा दोष होय. शिवाय परसातच पिण्याच्या पाण्याची विहीर असल्यास घराबरोबर रोगही विकला जाण्याचा संभव असतो.

खेड्यांतील पुष्कळ जुन्या टाक्या वास्तविक टाक्याच नसतात. कोरड्या दगडांनी बांधलेला, तळ नसलेला खड्डा व वर एक फरशी, एवढाच तो प्रकार असतो. खऱ्या टाकीस पक्का तळ व गिलावा केलेल्या भिंती असतात. तिच्यात जड मैला तळाशी बसून हवेशिवाय कुजतो, हलका भाग सायीसारखा वर तरंगतो आणि मधले पाणी पुढील शोषखड्ड्यात जाते. गाळ वेळेवर उपसला नाही तर तो पाण्याबरोबर शोषखड्ड्यात शिरतो व तेथील जमिनीची छिद्रे बुजवितो. अशा वेळी टाकी रिकामी केल्याने काही आठवडे बरे वाटते. परंतु बुजलेला खड्डा त्यामुळे मोकळा होत नाही. ऐन उन्हाळ्यात एखाद्याच जागी हिरवेगार गवत असणे, पावसाळ्यात भांड्यातील पाणी हळू उतरणे व सतत दुर्गंधी येणे, ही त्याची लक्षणे होत.

तपासणीसाठी झाकण उघडून बराच वेळ दूर थांबावे. जवळ विडी वा कंदील नेऊ नये, कारण आतील वायू पेट घेणारा असतो. लांब बांबूस पांढरे फडके गुंडाळून तळापर्यंत घातले असता गाळाची उंची फडक्यावर स्पष्ट उमटते. मात्र टाकीत माणूस उतरवू नये. तेथील विषारी वायूने माणूस क्षणात बेशुद्ध पडतो आणि त्यास काढण्यासाठी उतरलेला दुसराही दगावतो. २०१३ च्या कायद्यानुसार सुरक्षासाधनांशिवाय माणसास अशा कामास लावणे हा गुन्हा असून पहिल्या अपराधासही दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. उपसा यंत्राच्या गाडीनेच करून घ्यावा. तो ताजा मैला खत समजून भाजीच्या वाफ्यांत सोडू नये. त्यातील जंतांची अंडी मातीत दीर्घकाळ जिवंत राहतात.

नव्या टाकीचे माप विक्रेत्याच्या सध्याच्या कुटुंबावरून ठरविणे चुकीचे ठरते. आज घरात दोन वृद्ध माणसे असतील, उद्या तेथे आठ माणसे राहावयास येतील. भारतीय मानक २४७० प्रमाणे पाच माणसांसाठी आतून १.५ मीटर लांब, ०.७५ मीटर रुंद व पाण्याची खोली १ मीटर एवढी टाकी लागते. दहा माणसांसाठी लांबी २ मीटर व रुंदी ०.९० मीटर धरावी. गाळ दोन वर्षांनी काढावयाचा असेल तर खोली १.४ मीटर ठेवावी. पाण्याच्या वर ३० सेंटिमीटर जागा मोकळी असावी व बाहेर जाणारी नळी आत येणाऱ्या नळीपेक्षा ५ सेंटिमीटर खाली असावी. हवानळीच्या तोंडाशी बारीक जाळी बांधावी; अन्यथा टाकी म्हणजे डासांचे माहेरघर होते.

टाकी कोठेही सारखीच बांधता येते; शोषखड्डा मात्र जमीन पाहूनच करावा लागतो. काळ्या जमिनीत पाणी फार सावकाश जिरते. वैशाखात तिला भेगा पडलेल्या असताना ओतलेले पाणी भराभर नाहीसे होते आणि मालकाची फसगत होते. आषाढात तीच जमीन फुगून घट्ट होते. म्हणून खड्ड्याच्या नियोजित खोलीवर लहानसे भोक घेऊन, तळाशी ५ सेंटिमीटर खडी घालून ते पाण्याने भरावे व रात्रभर भिजू द्यावे. दुसऱ्या दिवशी पुन्हा पाणी घालून पातळी २५ मिलिमीटर खाली जाण्यास किती मिनिटे लागतात ते पाहावे. ६० मिनिटांहून अधिक लागल्यास तेथे शोषखड्डा करण्यात अर्थ नाही. काळ्या थराखाली मुरूम लागत असेल तर तेथपर्यंत खणून पुन्हा परीक्षा घ्यावी; तसे नसेल तर पंचायत समितीच्या अभियंत्यांचा सल्ला घ्यावा. कोकणातील जांभ्यात अडचण नेमकी उलट आहे. तेथे पाणी पोकळ्यांतून इतक्या वेगाने जाते की ते गाळले जाण्यापूर्वीच विहिरीत पोहोचू शकते. शोषखड्डा पिण्याच्या पाण्याच्या विहिरीपासून किमान १८ मीटर व राहत्या घरापासून ६ मीटर दूर असावा असे मानक सांगते. जांभ्याच्या भागात विहिरीपासूनचे अंतर याहून जास्त ठेवणे हितावह होय. न्हाणीचे पाणी टाकीत न सोडता परसबागेतील केळीकडे वळविल्यास खड्ड्यावरील भार पुष्कळ कमी होतो.

ही खोदाई शौचालयाच्या फरशा बसविण्यापूर्वी करावी, म्हणजे नवे काम फोडावे लागत नाही. नवी टाकी तयार झाल्यावर ती पाण्याने भरून एक दिवस-रात्र ठेवावी. पातळी उतरल्यास गिलावा पुन्हा करावा. पाणी काढून टाकू नये. त्यातच चांगले कुजलेले शेण थोडेसे घातले म्हणजे मैला कुजविणारे सूक्ष्म जंतू लवकर वाढतात. पुढे फिनेल व आम्ल यांचा सढळ वापर केल्यास हेच जंतू मरतात.

जुनी टाकी नुसती फरशी टाकून झाकणे धोक्याचे आहे. फरशी कुजते व एखादे दिवशी गुरू किंवा मूल आत पडते. उपसा झाल्यावर वरूनच तिचा तळ फोडावा, म्हणजे पाणी साचणार नाही, आणि थराथराने मुरूम भरून तो धुमसाने ठोकावा. जुनी व नवी जागा, झाकणांची घराच्या दोन कोपऱ्यांपासूनची अंतरे, बांधकामाचे वर्ष व उपशाची तारीख यांचा साधा नकाशा काढून तो खरेदीखताच्या कागदांबरोबर नव्या मालकाच्या स्वाधीन करावा.