सिएनाची तिखट मिठाई

इटलींत जाणारा प्रवासी बहुधा रोम, फ्लॉरेन्स व व्हेनिस पाहून परततो. आम्हीही तसेंच करणार होतों. पण आईच्या उपासानें आम्हांस सिएनास नेलें. उपास म्हणण्याचें कारण असें कीं, अंडें नाहीं अशी खात्री झाल्याखेरीज ती परदेशांत कांहींच तोंडांत घालीत नसे, आणि फ्लॉरेन्समधील चार दिवस तिनें पाव व फळें यांवरच काढले होते. उतरलों होतों त्या घरच्या बाईंनीं अखेर सांगितलें, ‘बिनअंड्याचें गोड हवें ना? मग सिएनाचें पानफोर्ते खाऊन पाहा.’

मोटारबसनें सव्वा तास. शहर तीन टेकड्यांवर वसलेलें, त्यामुळें सपाट रस्ता असा क्वचितच. विटा भाजक्या तांबूस. चित्रकारांच्या रंगपेटींतील सिएना रंगाला नांव मिळालें तें येथल्याच मातीवरून. मधलें मैदान शिंपल्यासारखें उतरतें आहे. त्याच्या फरसबंदीचे नऊ भाग आहेत, कारण १२८७ पासून १३५५ पर्यंत येथें नऊ जणांच्या मंडळाचें राज्य होतें. या मैदानांत २ जुलै व १६ ऑगस्ट रोजीं आळ्याआळ्यांची घोड्यांची शर्यत होते. आम्ही नोव्हेंबरांत गेलों होतों. मैदानांत केवळ कबुतरें होतीं.

याच मंडळाच्या अमदानींत, १३३९ सालीं, सिएनानें असें योजिलें कीं, आहे तें भव्य देऊळ नव्या देवळाची नुसती एक बाजू व्हावी. भिंती उठल्या, आणि १३४८ सालीं प्लेग आला. काम थांबलें तें कायमचें. ती उंच, एकटी भिंत आजही उभी आहे. आई तिच्याकडे बराच वेळ पाहत राहिली. ‘माणसेंच उरलीं नाहींत तर देऊळ कोणासाठीं बांधायचें?’ एवढेंच म्हणाली.

पुढें एका दुकानांत मीं पाठ केलेले दोन शब्द उच्चारले : ‘सेन्झा उओव्हा?’ म्हणजे अंड्यावांचून? म्हाताऱ्या दुकानदारीणबाईंनीं बोट हालवून अंड्याचा ठाम इन्कार केला. बदाम, मध, साखर, थोडें पीठ, पाकांत मुरविलेलें फळ आणि मसाला. खालीं पिठाचा कागदासारखा पातळ पापुद्रा. चकती चपटी व चिवट. तिच्या दोन जाती आहेत. पांढरी १८७९ सालीं मार्गारीता राणीच्या भेटीनिमित्त निघाली; ती सौम्य, वरून पिठीसाखर. काळी जुनी, मिऱ्यांची. राणीसाठीं मिरीं वगळलीं हें ठीकच, पण त्यांबरोबर मिठाईचा स्वभावही गेला, असें आपलें माझें मत.

आईनें काळीचा तुकडा तोंडांत घातला, डोळे मिटले, आणि म्हणाली, ‘अरे, हें मिठाईपेक्षां औषधच जास्त. आपल्या सुंठवड्याचें भावंड शोभेल.’

तिचा हा अभिप्राय मीं दुकानदारीणबाईंस मोडक्यातोडक्या शब्दांत सांगितला, तेव्हां त्या रागावण्याऐवजीं हंसल्या. पूर्वीं मसाले विकीत ते औषधविकेच, आणि ही मिठाईही तेच करीत. मिरीं येत तीं आपल्या मलबारच्या किनाऱ्यावरून, अरब आणि मग व्हेनिसच्या व्यापाऱ्यांच्या हातांतून. इतकीं महाग कीं गरिबाच्या घरीं हा पदार्थ पोंचणें अशक्य. तें ऐकून आईस विशेष आनंद झाला. ‘म्हणजे मिरीं आपलींच,’ म्हणून तिनें दुसरा तुकडा नि:शंकपणें घेतला.

बाई उरलेली चकती कागदांत बांधूं लागल्या, तों आई मला हळूच म्हणाली, ‘काळ्या दोन घे. एक थोरल्या जाऊबाईंना. त्यांना सांगूं नकोस कुठली तें. आधीं खाऊं देत.’