अतिसंवाहकातील भोवरे

वैनगंगेला पूर आला म्हणजे भोवरा किती घातक असतो, हे सिहोरा परिसरातील नावाड्यास सांगावे लागत नाही. त्या भोवऱ्यास ठरीव माप नसते. ज्याचे माप निसर्गानेच ठरवून दिले आहे, अशा एका निराळ्या भोवऱ्याची ओळख आम्ही येथे करून देणार आहोत.

1911 साली हॉलंडमधील लायडन येथे कामरलिंग ओनेस यांनी पारा सुमारे उणे 269 अंश सेल्सिअसपर्यंत थंड केला, तेव्हा त्याचा विद्युत्‌रोध एकाएकी नाहीसा झाला. अशा पदार्थास अतिसंवाहक म्हणतात. सामान्यतः तो चुंबकीय क्षेत्रास थारा देत नाही. परंतु त्यांतील एका वर्गात, क्षेत्र वाढवीत नेल्यास, ते बारीक धाग्यांच्या रूपाने आत शिरते व प्रत्येक धाग्याभोवती विद्युत्प्रवाह फिरू लागतो. हाच तो भोवरा. अब्रिकोसॉव्ह यांनी 1957 साली हे गणिताने दाखविले. 2003 साली ते नोबेल पारितोषिकाचे एक मानकरी झाले. प्रत्येक भोवऱ्याच्या वाट्यास येणारे चुंबकत्व सारखेच असते. अर्धा भोवरा येथे संभवत नाही.

हा भोवरा जागचा हलला की उष्णता उत्पन्न होते आणि शून्य रोधाचा लाभ हातचा जातो. रुग्णालयातील एमआरआय यंत्राचा चुंबक अतिसंवाहक तारेचाच असतो. म्हणून त्या तारेत मुद्दाम सूक्ष्म दोष राखून भोवरे जखडून ठेवतात.

मग तुकडाच अगदी लहान केला तर? मिलिमीटरच्या सहस्रांश भागाएवढ्या चकतीत मोजकेच भोवरे मावतात. ते कोठे बसावेत हे चकतीच्या कडा ठरवितात. दाटी झाली तर काही भोवरे मिळून एकच मोठा भोवरा होतो. चकती आणखी लहान केली, की एकालाही जागा उरत नाही.

येथे प्रश्न सुटला असे वाटेल. पण मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील संशोधकांनी 2005 साली नायोबियम धातूच्या कणांविषयी दाखविले, की कण सुमारे 8 नॅनोमीटरहून लहान झाला असता अतिसंवाहकताच लोपते. नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. तात्पर्य, लहानपणा भोवऱ्याला हुसकावतो खरा, पण मर्यादा ओलांडली की घरधन्यालाही बाहेर काढतो. ती मर्यादा जाणून काम करणे, यातच या शास्त्राचे कौशल्य आहे.