दोन उमेदवारांना सारखीच मतं मिळाली तर? मुंबईत चिठ्ठीने ठरला होता नगरसेवक

महापालिकेच्या निकालात ‘निसटता विजय’ नेहमीच ऐकू येतो. पण मतांचा फरकच शून्य असेल तर? २०१७ च्या मुंबई महापालिका निवडणुकीत हे प्रत्यक्ष घडलं.

नेमकं काय झालं?
२३ फेब्रुवारी २०१७ रोजी मतमोजणी झाली. प्रभाग क्रमांक २२० मध्ये शिवसेनेचे सुरेंद्र बागलकर आणि भाजपचे अतुल शहा यांची मतं फेरमोजणीनंतर समान भरली. प्रत्येकी ५,९४६!

मग निर्णय कसा झाला?
अशा वेळी पुन्हा मतदान घेत नाहीत. निवडणूक निर्णय अधिकारी चिठ्ठ्या टाकतात. ज्याच्या नावाची चिठ्ठी निघते, त्याला एक मत जास्त मिळाल्याचं मानलं जातं. चिठ्ठी शहा यांच्या नावाची निघाली आणि ते नगरसेवक झाले.

एका जागेने काय फरक पडला?
एकूण जागा २२७, बहुमताचा आकडा ११४. शिवसेनेला ८४, भाजपला ८२, काँग्रेसला ३१ जागा मिळाल्या. चिठ्ठी उलट निघती, तर चित्र ८५-८१ असं दिसलं असतं. बहुमत मात्र तरीही कुणालाच नव्हतं. पुढे भाजपने महापौरपदाची निवडणूक लढवली नाही आणि शिवसेनेचे विश्वनाथ महाडेश्वर महापौर झाले.

मतदारासाठी याचा अर्थ काय?
त्या वेळी मुंबईत साधारण ५५ टक्के मतदान झालं. म्हणजे १०० पैकी ४५ मतदार केंद्रावर गेलेच नाहीत. प्रभाग २२० मधल्या अशा एकाने जरी या दोघांपैकी कुणाला मत दिलं असतं, तरी चिठ्ठीची वेळ आली नसती.