आबांचे जुलाब आणि दुसरी किल्ली

दोन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यातली गोष्ट. गावात जुलाब-उलट्यांची साथ होती. नळाला गढूळ पाणी येत होते आणि दवाखान्यात बाकावर बसायला जागा नव्हती. अशा गर्दीत एका संध्याकाळी शेजारच्या खेड्यातले आबा सूनबाईंबरोबर आले. आबांना फुफ्फुसाचा कर्करोग झाला होता व पुण्यात उपचार चालू होते, हे मला ठाऊक होते. छातीचा पहिला एक्स-रे मीच काढायला लावला होता.

"किती वेळा जाताय, आबा?"

"सकाळधरनं सहा-सात वेळा झालं, डॉक्टर."

"केमो चालू आहे का अजून?"

"न्हाई. ते उन्हाळ्यातच संपलं," सूनबाई म्हणाल्या. "आता नुसतं प्रतिकारशक्तीचं सलाईन देत्यात, तीन आठवड्यानं एकदा."

केमो नाही म्हटल्यावर मी निश्चिंत झालो. साथीतल्या इतर पन्नास रुग्णांना दिले तेच आबांनाही दिले: जुलाब थांबवण्याच्या गोळ्या, एक अँटिबायोटिक आणि मीठ-साखर-पाणी. तिसऱ्या दिवशी आबांना दोघांनी धरून आणले. दहा-बारा वेळा जुलाब, त्यात आव आणि रक्त, पोट दुखून हैराण. सूनबाईंनी पिशवीतून फाईल काढली. फाईलच्या आतल्या बाजूला पुण्याच्या डॉक्टरांनी दिलेले एक छोटे कार्ड टाचलेले होते. जुलाब, धाप किंवा कावीळ झाल्यास ताबडतोब कळवा, असे त्यावर स्पष्ट छापले होते. पहिल्याच दिवशी मी फाईल मागितली असती तर? मी तिथूनच पुण्याला फोन लावला आणि आबांना गाडीत घालून पाठवले.

ते जुलाब पाण्यामुळे झालेले नव्हते. आबांच्या स्वतःच्या पांढऱ्या पेशींनी त्यांच्या आतड्यावर हल्ला केला होता. असे का व्हावे, हे वाचकांना समजले पाहिजे, कारण ही इंजेक्शने आता तालुक्याच्या गावांतले रुग्णही घेऊ लागले आहेत.

आपल्या रक्तात टी-पेशी नावाच्या पांढऱ्या पेशी असतात. विषाणूने ग्रासलेल्या किंवा बिघडलेल्या पेशी ओळखून मारणे हे त्यांचे काम. पण नुसती ओळख पटली म्हणून टी-पेशी हल्ला करत नाही. बँकेतला लॉकर आठवा. तुमची किल्ली लावली तरी तो उघडत नाही. बँकेच्या अधिकाऱ्याने त्याची किल्लीही लावावी लागते. टी-पेशीचेही तसेच आहे. शत्रूची ओळख ही पहिली किल्ली. दुसरी किल्ली पहारेकरी पेशींकडे असते. खरोखर धोका दिसला तरच या पेशी आपल्या अंगावर बी-७ नावाचा रेणू पुरेसा वर काढतात आणि तो टी-पेशीवरच्या सीडी-२८ या ग्राहकात बसतो. मगच टी-पेशी जागी होते, एकीच्या हजारो होतात. दुसरी किल्ली मिळालीच नाही तर टी-पेशी बधिर होऊन पडते. हे शहाणपणाचेच आहे. आपल्याच अवयवांना शत्रू समजणाऱ्या काही टी-पेशी प्रत्येकाच्या अंगात असतात. त्या दुसऱ्या किल्लीवाचून गप्प राहतात, म्हणून आपण धडधाकट असतो.

ही दुसरी किल्ली किती जपून वापरायची वस्तू आहे, हे लंडनमध्ये २००६ च्या मार्चमध्ये दिसले. सीडी-२८ ला थेट चालना देणारे, म्हणजे पहिल्या किल्लीची गरजच न ठेवणारे एक नवे औषध सहा निरोगी तरुणांना चाचणीसाठी टोचले गेले. माकडांना ते सोसले होते आणि माणसांना दिलेली मात्रा त्या मात्रेच्या पाचशेवा हिस्सा होती. तरीही दोन तासांच्या आत सगळे थरथरू लागले, ताप चढला आणि पुढे एकेक अवयव निकामी होऊ लागला. अतिदक्षता विभागातल्या उपचारांनी सहाही जण वाचले, पण एकाला पायाची सगळी बोटे आणि हाताच्या बोटांचे भाग गमवावे लागले. कोरोनाच्या काळापासून 'प्रतिकारशक्ती वाढवणारी' चूर्णे आणि सरबते विकणारे दारोदार फिरतात, तेव्हा मला या सहा तरुणांची आठवण येते. सुदैवाने त्या चूर्णांत तेवढी ताकद नसते!

किल्लीइतकाच ब्रेकही महत्त्वाचा. टी-पेशी कामाला लागली की काही काळाने तिच्यावर सीटीएलए-४ नावाचा दुसरा ग्राहक उगवतो. तो त्याच बी-७ ला सीडी-२८ पेक्षा घट्ट पकडतो, म्हणजे किल्लीच हिसकावून घेतो. लढाई आवरती घेण्याची ही सोय आहे. जन्मतः हा ब्रेक नसलेले उंदीर तीन-चार आठवड्यांत मरतात, हे १९९५ साली दिसून आले. टी-पेशी बेसुमार वाढून त्यांच्याच अवयवांत शिरतात. पीडी-१ नावाचा आणखी एक ब्रेक जपानमधील क्योतो विद्यापीठात तासुकू होंजो यांच्या प्रयोगशाळेला १९९२ साली सापडला. कर्करोगाची गाठ लबाड असते. ती पीडी-१ दाबणारा रेणू स्वतःच्या अंगावर मिरवते आणि मारायला आलेली टी-पेशी तिच्यासमोर थंड पडते.

अमेरिकेतील जेम्स ॲलिसन यांनी उलटा विचार केला. हा ब्रेकच झाकून टाकला तर? उंदरांमधल्या गाठी विरघळल्याचे त्यांनी १९९६ साली प्रसिद्ध केले. माणसांसाठी असे पहिले औषध अमेरिकेत मंजूर व्हायला २०११ साल उजाडले आणि ॲलिसन व होंजो यांना २०१८ चे नोबेल मिळाले. अमेरिकेचे माजी अध्यक्ष जिमी कार्टर यांचा त्वचेचा कर्करोग २०१५ मध्ये मेंदूपर्यंत पोचला होता. शस्त्रक्रिया, किरणोपचार आणि पीडी-१ झाकणारे इंजेक्शन यांनंतर ते आणखी नऊ वर्षे जगले आणि वयाची शंभरी पूर्ण करून २०२४ च्या डिसेंबरमध्ये गेले. सगळ्यांचे असे होत नाही. पुष्कळांना या औषधाचा काहीच उपयोग होत नाही, आणि तो कोणाला होईल हे आधी खात्रीने सांगता येत नाही.

म्हणूनच "डॉक्टर, जमीन विकू का?" असे कोणी विचारले की मी लगेच हो म्हणत नाही. मुंबईच्या टाटा रुग्णालयातील डॉक्टरांनी तोंड-घशाच्या प्रगत कर्करोगात एक धाडसी प्रयोग केला. रोजच्या स्वस्त गोळ्यांच्या जोडीला त्यांनी तीन आठवड्यांतून एकदा निव्होलुमॅब हे औषध फक्त २० मिलिग्रॅम दिले. नेहमीच्या मात्रेच्या दहाव्या हिश्श्याहूनही हे कमी. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात नुसत्या गोळ्या घेणाऱ्यांपैकी वर्षानंतर सुमारे १६ टक्के हयात होते, तर इंजेक्शन घेणाऱ्यांपैकी ४३ टक्के. तंबाखू-गुटख्याने आपल्याकडे जी तोंडे नासली आहेत, त्यांच्यासाठी ही मोठी बातमी होती. जमीन विकण्याआधी, कमी मात्रा आपल्या रोगात चालेल का, हे कर्करोगतज्ज्ञांना जरूर विचारा.

पण मात्रा कोणतीही असो, ब्रेक उठला की तो फक्त गाठीसमोरच उठत नाही. आतडे, फुफ्फुस, यकृत, थायरॉईड, त्वचा, कुठेही टी-पेशी उधळू शकतात. जुलाब, कोरडा खोकला व धाप, डोळे पिवळे होणे, अंगभर पुरळ, कमालीचा थकवा ही त्याची लक्षणे आहेत. शेवटच्या इंजेक्शननंतर काही महिन्यांनीही ती उमटू शकतात. बहुतेकदा उपाय स्टिरॉइडचा असतो, पण तो तज्ज्ञांच्या देखरेखीखाली. घरी शिल्लक राहिलेल्या गोळ्या स्वतःच्या मनाने घेऊ नयेत. मूत्रपिंड बदललेल्या रुग्णाने तर ही औषधे सुरू करण्याआधीच सांगावे, कारण ब्रेक उठल्यावर परके मूत्रपिंड शरीर नाकारू शकते. आणि कोणत्याही डॉक्टरकडे, अगदी दात काढायला गेलात तरी, "नुसतं प्रतिकारशक्तीचं सलाईन" असे न म्हणता औषधाचे नाव सांगा, नाहीतर फाईलच पुढे ठेवा. आमचा कंपाउंडर आता केसपेपर काढतानाच विचारतो, "गेल्या वर्षभरात कॅन्सरचं कुठलं इंजेक्शन घेतलंय का?" काहींना राग येतो.

आबांना पुण्यात शिरेतून स्टिरॉइड दिले. चौथ्या दिवशी जुलाब उतरले, पण गोळ्या हळूहळू कमी करून बंद व्हायला दोन महिने लागले. ते इंजेक्शन पुन्हा दिलेले नाही. गेल्या महिन्यातल्या सीटी स्कॅनमध्ये गाठ होती तेवढीच आहे, वाढलेली नाही. परवा आबा रक्तदाब तपासायला आले, तेव्हा खुर्चीत बसण्याआधीच त्यांनी फाईल माझ्या टेबलावर ठेवली.