जीटीके: आवृत्त्या आणि सुसंगतता

जीटीके हा खिडक्या, बटणे, मेनू, मजकुराच्या चौकटी इत्यादी दृश्य घटक पडद्यावर उभे करण्यासाठी वापरला जाणारा मुक्त साधनसंच आहे. तो सी भाषेत लिहिलेला असून एलजीपीएल परवान्याखाली वितरित होतो. लिनक्सवरील ग्नोम, एक्सएफसीई, सिनॅमन आणि माटे ही डेस्कटॉप पर्यावरणे त्यावर आधारलेली आहेत. १९९८ पासून त्याच्या चार मुख्य आवृत्त्या प्रसिद्ध झाल्या. प्रत्येक मुख्य आवृत्ती आधीच्या आवृत्तीशी विसंगत असल्याने, जुन्या आज्ञावलींना आधार किती काळ मिळावा हा या साधनसंचाच्या इतिहासातील सर्वाधिक वादाचा विषय ठरला आहे.

उगम

स्पेन्सर किंबॉल आणि पीटर मॅटिस या बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी १९९५ मध्ये गिंप ही चित्रसंपादनाची आज्ञावली लिहावयास घेतली. आरंभी तिच्यासाठी मोटिफ हा साधनसंच वापरला होता. परंतु तो मुक्त नव्हता. म्हणून त्यांनी स्वतःचाच साधनसंच रचला. ‘गिंप टूलकिट’ या नावाचे लघुरूप म्हणजे जीटीके. ऑगस्ट १९९७ मध्ये मिगेल दे इकासा व फेदेरिको मेना यांनी ग्नोम प्रकल्प सुरू केला, तेव्हा त्यांनी जीटीकेची निवड केली. प्रतिस्पर्धी केडीई प्रकल्प ज्या क्यूटी साधनसंचावर उभा होता, त्याचा परवाना त्या काळी पूर्णतः मुक्त नव्हता, हे या निवडीचे प्रमुख कारण होते.

सुसंगतता म्हणजे काय

सुसंगततेचे दोन प्रकार मानले जातात. आधीच संकलित केलेली आज्ञावली साधनसंचाच्या नव्या आवृत्तीवर जशीच्या तशी चालली, तर ती द्विमान सुसंगतता होय. आज्ञावलीचा मूळ मजकूर न बदलता केवळ पुन्हा संकलन करून भागले, तर ती स्रोत सुसंगतता होय. जीटीकेच्या एकाच मुख्य आवृत्तीच्या मालिकेत पहिला प्रकार पाळण्याचा प्रघात आहे. मार्च २००२ मध्ये आलेल्या २.० साठी तयार केलेली आज्ञावली जानेवारी २०११ च्या २.२४ वरही चालावी, अशी ती व्यवस्था होती. मुख्य क्रमांक बदलला की मात्र दोन्ही प्रकार संपुष्टात येतात.

येथे मराठीच्या वाचकास लेखननियमांचे उदाहरण आठवेल. १९६२ मध्ये शासनमान्य झालेल्या नियमांनी कित्येक अनुस्वार गेले, तरी त्यापूर्वीची पुस्तके आजही वाचता येतात. वाचक उणीव भरून काढतो. संगणक तसे करीत नाही. ज्या नावाचे कार्य आज्ञावली मागते ते नव्या आवृत्तीत नसेल, तर आज्ञावली सुरूच होत नाही.

यावरचा उपाय म्हणून लायब्ररीच्या फाइलीच्या नावातच मुख्य आवृत्तीचा क्रमांक घातलेला असतो. त्यामुळे दुसरी, तिसरी व चौथी आवृत्ती एकाच संगणकावर शेजारी शेजारी नांदू शकतात. मात्र एकाच चालू आज्ञावलीत दोन मुख्य आवृत्त्या एकत्र वापरता येत नाहीत. साहजिकच ज्या आज्ञावलीला अनेक जोडण्या असतात, तिचे स्थलांतर सर्व जोडण्यांसह करावे लागते.

दुसरीकडून तिसरीकडे

जीटीके ३.० फेब्रुवारी २०११ मध्ये प्रसिद्ध झाली आणि एप्रिलमध्ये तिच्यावर आधारित ग्नोम ३ आले. स्थलांतराचा खरा भार मात्र लहान, स्वयंसेवकांच्या बळावर चालणाऱ्या प्रकल्पांवर पडला. एक्सएफसीईचे स्थलांतर ४.१४ या आवृत्तीत, म्हणजे ऑगस्ट २०१९ मध्ये पूर्ण झाले. तिच्या आधीची ४.१२ ही आवृत्ती २०१५ ची होती. ग्नोम २ ची शाखा म्हणून २०११ मध्ये निघालेल्या माटे प्रकल्पाने २०१७ मध्ये, १.१८ या आवृत्तीत, दुसऱ्या जीटीकेचा निरोप घेतला. काहींनी साधनसंचच बदलला. एलएक्सडीईच्या विकासकांनी क्यूटीकडे वळून एलएक्सक्यूटी घडविले. लिनस टोरवाल्ड्स यांनी पाणबुड्यांच्या नोंदींसाठी लिहिलेली सबसर्फेस ही आज्ञावलीही २०१३ मध्ये क्यूटीवर नेण्यात आली.

सर्वांत बोलके उदाहरण गिंपचेच आहे. ज्या आज्ञावलीसाठी हा साधनसंच जन्मला, तिची तिसऱ्या जीटीकेवरील पहिली स्थिर आवृत्ती, गिंप ३.०, मार्च २०२५ मध्ये आली. जीटीके ३.० ला तोवर चौदा वर्षे झाली होती, आणि जीटीके ४ येऊनही चार वर्षे उलटली होती. मधल्या काळात गिंप २.१० च्या पायथन जोडण्यांची विशेष कोंडी झाली. त्या पायजीटीके या दुव्यावर विसंबून होत्या आणि पायजीटीके पायथन २ वर. पायथन २ चा आधार जानेवारी २०२० मध्ये संपला आणि लिनक्स वितरणांनी हे दोन्ही काढून टाकण्यास सुरुवात केली. गिंप तीच राहिली, पण तिच्या काही जोडण्या वापरकर्त्याच्या हातून गेल्या. हा दोष विकासकांच्या आळसाचा मानणे अन्यायाचे होईल. मोजक्या स्वयंसेवकांना नवे वैशिष्ट्य लिहावे की जुनेच पुन्हा लिहावे, हा प्रश्न दरवर्षी पडत असतो.

मालिकेच्या आतही तिसरी आवृत्ती पूर्णतः स्थिर नव्हती. आज्ञावली चालत राहिल्या, तरी खिडक्यांचे रूप ठरविणाऱ्या थीम दुय्यम आवृत्त्यांगणिक बिघडत. मार्च २०१६ च्या ३.२० ने सीएसएसमधील घटकांची नावे बदलल्याने आधीच्या बहुतेक थीम निकामी झाल्या. थीमची रचना हा अंतर्गत भाग असून तिच्याविषयी कोणतीही हमी दिलेली नव्हती, अशी साधनसंचाच्या विकासकांची भूमिका होती. हमी नव्हती हे खरे. पण ते थीम लिहिणाऱ्यांना नुकसान झाल्यावर उमगले.

क्रमांकांचा वाद

जून २०१६ मध्ये टोरंटो येथील विकासकांच्या बैठकीनंतर एक नवी योजना मांडण्यात आली. दर दोन वर्षांनी नवी मुख्य आवृत्ती सुरू करावी, ४.०, ४.२ व ४.४ या अस्थिर मानाव्यात आणि ४.६ पासून स्थैर्याची हमी द्यावी, असे तिचे स्वरूप होते. ‘जीटीके ४.० म्हणजे जीटीके ४ नव्हे’ असा विलक्षण अर्थ त्यातून निघे. तिच्यावर टीका झाली आणि त्याच वर्षी योजना बदलण्यात आली. अस्थिर टप्प्यांना ३.९० सारखे क्रमांक द्यावेत व ४.० हीच स्थिर असावी, असे ठरले. तिसरी मालिका सप्टेंबर २०१८ मध्ये ३.२४ वर आणून दीर्घकालीन आधारासाठी राखण्यात आली. तेव्हापासून तीत मुख्यतः दुरुस्त्याच होतात. २०१९ मध्ये नावातील अधिक चिन्ह गळले. जीटीके ४.० डिसेंबर २०२० मध्ये आली आणि त्याच महिन्यात २.२४.३३ ही दुसऱ्या मालिकेची अखेरची आवृत्ती ठरली.

देवनागरीच्या संदर्भात

आवृत्तीबदल हा केवळ तोटाच नसतो. जीटीके २.० ने युनिकोड स्वीकारले आणि पँगो ही अक्षररचनेची लायब्ररी आणली. त्यामुळेच जोडाक्षरे, ऱ्हस्व इकाराची मात्रा किंवा ‘दऱ्या’तील अर्धा र या आज्ञावलींत योग्य रीतीने दिसू लागला, पहिल्या आवृत्तीत ही सोय नव्हती. २०१२ पासून पँगो हे काम हार्फबझकडे सोपविते.

परंतु पँगो ही जीटीकेच्या निरनिराळ्या मालिकांना सामाईक आहे. २०१९ मध्ये पँगो १.४४ ने बिटमॅप व टाइप १ प्रकारच्या फाँटांचा आधार काढला, तेव्हा हात न लावलेल्या जीटीके २ च्या आज्ञावलींतही अक्षरांऐवजी रिकाम्या चौकटी दिसू लागल्या. मजला शाबूत, पण पाया बदललेला, अशी ही स्थिती होती. मराठी टंकनासाठी आयबस वापरणाऱ्यांस आणखी एक बाब ध्यानी घ्यावी लागते. आयबसचा जोडभाग जीटीकेच्या प्रत्येक मुख्य आवृत्तीसाठी वेगळा असतो. त्यामुळे एका आज्ञावलीत मराठी उमटते आणि शेजारच्या खिडकीत उमटत नाही, असे घडू शकते.

क्यूटीची वाट

क्यूटीमध्येही मुख्य आवृत्ती बदलली की विसंगती येते. तेथे दीर्घकालीन आधार हा व्यावसायिक प्रश्न आहे. जानेवारी २०२० मध्ये क्यूटी कंपनीने दीर्घकालीन आधाराच्या आवृत्त्या केवळ सशुल्क परवानाधारकांना देण्याचे जाहीर केले, आणि जानेवारी २०२१ पासून ५.१५ ला तो नियम लागू झाला. त्यावर केडीईने ५.१५ साठीच्या दुरुस्त्यांचा स्वतःचा संग्रह राखण्यास सुरुवात केली.

सद्यःस्थिती

फ्लॅटपॅकसारख्या पद्धतीत आज्ञावली तिला लागणाऱ्या लायब्ररींसह बांधून देता येते. त्यामुळे वितरणाने जीटीके २ काढली तरी ती आज्ञावली चालू राहते. तथापि बांधून दिलेल्या जुन्या लायब्ररीत सुरक्षेचा दोष सापडल्यास तो दुरुस्त करण्याची जबाबदारी आज्ञावली बांधणाऱ्यावर येते.

चौथ्या मालिकेत २०२३ च्या ४.१० ने याद्या दाखविणारा जुना ट्री-व्ह्यू घटक कालबाह्य ठरविला. मार्च २०२५ च्या ४.१८ ने एक्स११ या जुन्या पडदा-व्यवस्थेचा जोडभागही कालबाह्य घोषित केला. चौथी मालिका असेपर्यंत दोन्ही चालू राहतील; जीटीके ५ मध्ये ते नसतील असे अपेक्षित आहे.